बातम्यांची बॅच एक लाख बाइट्सचीच का?

प्रश्न : जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला युनिक्स संगणकांच्या देखभालीवरचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यात ‘सी न्यूज’ नावाच्या प्रणालीवर एक प्रकरण आहे. शेजारच्या संगणकाला बातम्यांच्या बॅच पाठवायच्या असतील तर एका फाइलमध्ये सहा रकान्यांची एक ओळ लिहायची, असं तिथं सांगितलंय. त्या ओळीत ‘१,००,०००’ आणि ‘२२’ असे दोन आकडे आहेत. हे आकडे कुठून आले? आणि बातम्या एकेक करून न पाठवता गठ्ठ्यानं का पाठवायच्या? सविस्तर सांगाल का?

उत्तर : दोन्ही आकड्यांचं मूळ टेलिफोनच्या तारेत आहे. पण तिथं पोचण्याआधी या बातम्या म्हणजे काय आणि त्या कशावरून जात, हे थोडक्यात पाहू. तुमच्या पुस्तकानं ते गृहीत धरलेलं दिसतं.

१९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना सुचलं की, युनिक्सच्या संगणकांनी एकमेकांना फोन करून सूचना आणि चर्चा पोचवाव्यात. जवळच चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ आहे. तिथल्या स्टीव्ह बेलोव्हिन यांनी याची पहिली कच्ची आवृत्ती शेल स्क्रिप्टमध्ये लिहिली. त्यातून यूजनेट उभं राहिलं. यूजनेटवरची बातमी म्हणजे कुणी विचारलेला प्रश्न, कुणी दिलेलं उत्तर, प्रोग्रॅमचा तुकडा, एखादा वाद, काहीही असे. अशा प्रत्येक मजकुराला लेख म्हणत आणि तो विषयवार गटात टाकत. एका संगणकावर टाकलेला लेख शेजाऱ्याकडे, त्याच्याकडून त्याच्या शेजाऱ्याकडे, असा हातोहात पुढे जाई. सगळ्यांच्या वरचा, मधला असा मुख्य संगणक कुठंच नव्हता.

हा मजकूर नेण्याचं काम यूयूसीपी करी. बेल लॅब्जमधल्या माइक लेस्क यांनी मूळ यूयूसीपी लिहिलं आणि युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर १९७९मध्ये ते जागोजागी पोचलं. त्याची रीत साधी होती. एक संगणक मोडेमवरून दुसऱ्याचा नंबर फिरवी, एखाद्या माणसासारखं लॉगिनचं नाव आणि पासवर्ड देई, फाइलींची देवघेव उरकी आणि फोन ठेवून देई. पलीकडून लॉगिनची ओळ आली की नाही हे ओळखण्यासाठी त्या शब्दाचं पहिलं अक्षर गाळून ‘ऑगिन’ एवढंच शोधायला सांगत. कारण ते अक्षर कुठल्या यंत्रावर कॅपिटल असे तर कुठं स्मॉल, आणि कधीकधी फोन जोडला जाण्याच्या खरखरीत ते गळूनच जाई. या व्यवस्थेचा प्रत्येक भाग असाच प्रत्यक्ष अनुभवातून घासून तयार झालेला आहे.

आता समजा, एक लेख एकटाच पाठवायचा आहे. यूयूसीपी आपल्या स्पूल डिरेक्टरीत त्यासाठी तीन फाइली तयार करी. पहिलीत काय काय पाठवायचंय याची यादी, दुसरीत लेखाचा मजकूर आणि तिसरीत पलीकडच्या संगणकासाठी हुकूम : हा मजकूर ‘आरन्यूज’ या प्रोग्रॅमच्या हवाली कर. यांतल्या दोन फाइली तारेवरून जात. प्रत्येक फाइलीआधी ‘पाठवू का?’ आणि ‘पाठव’ अशी विचारणा, आणि संपल्यावर ‘मिळाली’ अशी पोच. पलीकडे पोचल्यावर हुकमाची फाइल वाचून आरन्यूज नव्यानं सुरू व्हायचा, एक लेख जागेवर ठेवायचा आणि संपायचा. मग पुढच्या लेखासाठी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

रोज दहावीस लेख येत तोवर हे खपून गेलं. १९८६च्या सुमाराला दिवसाला साधारण ५०० लेख आणि २० लाख बाइट्स, इथवर मजल गेली. एकेक लेख पाठवायचा तर एका शेजाऱ्यासाठी स्पूलमध्ये १५०० फाइली होणार. तेव्हाच्या युनिक्समध्ये डिरेक्टरीत नाव शोधायचं म्हणजे पहिल्या नावापासून एकेक नाव तपासत जायचं. फाइली जितक्या जास्त, तितका प्रत्येक फाइलीचा शोध लांबणार. चार शेजारी असले तर संगणकाचा सगळा वेळ नावं शोधण्यातच जायचा, आणि त्याच संगणकावर इतर लोक आपापली कामं करत बसलेले असायचे. घर बदलताना एकेक भांडं घेऊन कुणी टेम्पोच्या खेपा घालत नाही. तोच विचार इथं झाला.

बॅचची रचना मला फार आवडते, कारण तिच्यात काढून टाकण्यासारखं काहीच नाही. प्रत्येक लेखाआधी एक ओळ : हॅशचं चिन्ह, उद्गारचिन्ह, ‘आरन्यूज’ हा शब्द आणि लेखाची लांबी बाइट्समध्ये. म्हणजे ‘#! आरन्यूज १४६३’. मग मोजून १४६३ बाइट्स लेख. लगेच पुढच्या लेखाची तशीच ओळ. असे पंचवीसतीस लेख एकापुढे एक जोडले की झाली बॅच. २० लाख बाइट्सच्या लाखालाखाच्या बॅच केल्या तर त्या वीसेक होतात, आणि १५०० फाइलींच्या जागी साठेक फाइली उरतात. पलीकडेही आरन्यूज पाचशे वेळा सुरू न होता वीसच वेळा सुरू होतो.

गठ्ठ्याचा दुसरा फायदा त्याहून मोठा आहे, तो म्हणजे मजकूर दाबून लहान करण्याचा. तेव्हाचा ‘कॉम्प्रेस’ हा प्रोग्रॅम मजकुरात पुन्हा पुन्हा येणाऱ्या अक्षरांच्या जुळण्यांचा कोश वाचता वाचता तयार करी आणि त्या जुळण्यांच्या जागी छोटे क्रमांक लिही. प्रत्येक फाइलीला हा कोश कोरा सुरू होतो. त्यामुळे दीड हजार बाइट्सच्या एकट्या लेखात कोश जेमतेम भरू लागतो तोच लेख संपतो. एका मागोमाग तीस लेख असले तर गोष्ट वेगळी. प्रत्येक लेखाच्या माथ्यावर कोणाकडून, कोणत्या गटात, कोणत्या मार्गानं, या ओळी त्याच साच्यात येतात. चर्चेत आधीच्या लेखातले उतारे पुन्हा येतात. कोश भरत जातो आणि मजकूर साधारण निम्म्यावर येतो. दाबलेल्या बॅचच्या सुरुवातीला वेगळी खूण असे, म्हणजे पलीकडच्या संगणकाला आधी ती उलगडायची आहे हे कळे.

इथं एक पथ्य होतं. कॉम्प्रेसचा कोश सोळा बिटांपर्यंत वाढवता येई. पण तेवढा कोश उलगडायला लागणारी मेमरी पीडीपी-११ सारख्या लहान यंत्रात नव्हती. शेजाऱ्याकडे असं यंत्र असेल तर पाठवणाऱ्यानं कोश बारा बिटांवरच थांबवायचा. आपल्याकडे मोठा व्हॅक्स आहे म्हणून सोळा बिटांनी दाबून पाठवलं तर पलीकडे ती बॅच उघडायचीच नाही. म्हणूनच सी न्यूजमध्ये दाबण्याची पद्धत प्रत्येक शेजाऱ्यासाठी वेगळी लिहिता येते.

आता तुमचे आकडे. सेकंदाला १२०० बिटांचा मोडेम घ्या. प्रत्येक अक्षरामागे सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून दहा बिट जातात, म्हणजे सेकंदाला १२० अक्षरं. यूयूसीपी मजकूर ६४ बाइट्सच्या पुड्या करून पाठवी आणि प्रत्येक पुडीवर सहा बाइट्सचं वेष्टण असे. त्यात आणखी थोडा वेळ जाई. लाखभर बाइट्स न दाबता पाठवायला पंधरा मिनिटं लागतात. दाबून निम्मे झाले तर साडेसात.

तारेवर खरखर झाली तर बिघडलेली पुडी पुन्हा मागवण्याची सोय होती. पण फोनच तुटला तर? जुन्या यूयूसीपीत अर्ध्यावर राहिलेली फाइल पुढं चालू करायची सोय नव्हती. पुढच्या फोनला ती फाइल पहिल्या बाइटपासून. इथं लाखाच्या आकड्याचा अर्थ लागतो. ऐंशीच्या दशकातल्या लांब पल्ल्याच्या तारेवर फोन मध्येच तुटणं रोजचं होतं. बॅच लाखाची असेल तर तुटलेल्या फोनमागे जास्तीत जास्त सात-आठ मिनिटं वाया जातात, आधी पोचलेल्या बॅच सुरक्षित राहतात. दहा लाखांची केली तर दाबूनही सव्वा तास लागतो, आणि तास झाल्यावर तुटणाऱ्या तारेवर ती बॅच कधीच पोचणार नाही. रोज रात्री तीच फाइल, तेच बिल. उलट पाच हजारांची केली तर दाबण्याचा फायदा जातो आणि स्पूलमध्ये पुन्हा फाइलींची गर्दी होते. एक लाख हा या दोन टोकांमधला आकडा. तो कुठं कोरून ठेवलेला नाही. चांगली तार आणि वेगवान मोडेम असेल त्यानं वाढवावा, खराब तार असेल त्यानं कमी करावा. लक्षात ठेवा, ही मर्यादा दाबण्याआधीच्या आकाराची आहे. आणि एखादा लेखच लाखाहून मोठा असेल तर त्याला तोडत नाहीत, त्याची एकट्याची बॅच होते.

२२ हा आकडा शेजारी बंद पडला तर काय, या प्रश्नाचं उत्तर आहे. शेजाऱ्याचा संगणक आठवडाभर बंद आहे आणि आपण तासातासाला बॅच बनवून स्पूलमध्ये टाकत राहिलो, तर डिस्क भरते. स्पूल भरलं तर बातम्या थांबतील. पण यूयूसीपीच्या त्याच स्पूलमधून लोकांची पत्रंही जातात, तीही अडकतील. म्हणून शेजाऱ्यासाठी २२ बॅच रांगेत जमल्या की सी न्यूज नवी बॅच बनवतच नाही. मग मधल्या काळातल्या लेखांचं काय होतं? ते ‘टूगो’ नावाच्या फाइलीत राहतात. तिच्यात लेख नसतात, लेखांच्या फाइलींची फक्त नावं असतात, म्हणून ती कितीही वाढली तरी तिला फारशी जागा लागत नाही. शेजारी परत सुरू झाला, रांग ओसरली की त्या यादीतून पुढच्या बॅच बनू लागतात. दरम्यान एखादा लेख मुदत संपून पुसला गेला असेल तर बॅच बनवणारा प्रोग्रॅम ते नाव सोडून पुढं जातो. उशीर झालेल्याला शिळ्या लेखांचा ढीग मिळू नये, हेही त्यातून आपोआप साधतं.

त्या ओळीतले बाकीचे रकाने आता सहज लागतील. पहिला शेजाऱ्याचं नाव, मग हे दोन आकडे, मग बॅच कोणी बनवायची, कोणी दाबायची आणि कोणत्या मार्गानं पाठवायची. ज्या शेजाऱ्याचं नाव यादीत नाही त्याला वरची ‘डिफॉल्ट’ची ओळ लागू. कोणत्या शेजाऱ्याला कोणते गट द्यायचे हे मात्र इथं ठरत नाही, त्यासाठी ‘सिस’ नावाची दुसरी फाइल आहे. तिच्यात कोलननं तोडलेले चार रकाने : शेजारी, त्याला हवे असलेले गट, खुणेची अक्षरं आणि शेवटी आज्ञा किंवा फाइलीचं नाव. खुणांमध्ये कॅपिटल ‘एफ’ असलं की लेख लगेच न पाठवता त्याचं नाव यादीत टिपून ठेवायचं. बॅच पद्धतीची सगळी इमारत या एका अक्षरावर उभी आहे.

गटांचा रकाना दिसतो साधा, पण त्याच्यामागे खरे पैसे होते. अमेरिकेतून युरोपात बातम्या ॲम्स्टरडॅमच्या ‘एमसीव्हॅक्स’ या संगणकावरून जात, आणि समुद्रापारच्या फोनचं बिल मोठं होई. नुसत्या वादावादीच्या गटांसाठी एवढा खर्च करायला तिकडचे लोक तयार नव्हते. १९८६-८७मध्ये यूजनेटच्या सगळ्या गटांची नावं नव्यानं लावली गेली. तेव्हा असे गट ‘टॉक’ या एका शाखेखाली आले, म्हणजे ज्याला नको असेल त्यानं गटांच्या रकान्यात एक शब्द लिहून ती अख्खी शाखा वगळावी. शेजाऱ्याला फोन करून ‘तुम्हाला काय हवं, किती वाजता घेणार, बिल कुणाचं’ हे विचारल्याशिवाय यातला एकही रकाना भरता येत नसे. मला तर त्या फाइली वाचताना दोन संस्थांमधला लेखी करारच वाचतोय असं वाटतं.

वेळेचा कारभार यूयूसीपीच्या स्वतःच्या फाइलीत. अमेरिकेत रात्री अकरा ते सकाळी आठ हे फोनचे दर सगळ्यात स्वस्त असत, म्हणून शेजाऱ्याच्या नावापुढे वार आणि वेळ लिहून दिवसाचे फोन बंद ठेवत. बॅच दिवसभर तासातासाला बनत राहायच्या, पण ‘रांगेत ठेव, फोन लावू नकोस’ अशी सूचना देऊनच त्या यूयूसीपीकडे सोपवल्या जायच्या. शिवाय रांगेत दर्जा असे. पत्रं आधी, बातम्या नंतर. रात्री फोन लागला आणि दहा मिनिटांत तुटला, तरी पत्रं तेवढी पोचलेली असायची. दर्जाची ही छोटी सूचना विसरणाऱ्या ॲडमिनच्या लोकांना आपलं पत्र पोचायला चार दिवस का लागतात, हे कळत नसे.

सी न्यूज लिहिलं टोरांटो विद्यापीठातल्या जॉफ कॉलियर आणि हेन्री स्पेन्सर यांनी. त्याआधीची ‘बी न्यूज’ ही प्रणाली १९८१मध्ये बर्कलीत मार्क हॉर्टन आणि मॅट ग्लिकमन यांनी लिहिली. ग्लिकमन तेव्हा शाळेत शिकत होते. बॅच बी न्यूजच्या काळातच सुरू झाल्या होत्या. पण कॉलियर आणि स्पेन्सर यांनी आलेली बॅच एकाच प्रोग्रॅमच्या एकाच फेरीत शेवटपर्यंत निपटायची, दर लेखामागे नवं काम उभं करायचं नाही, अशी रचना केली आणि वेग कितीतरी पटींनी वाढवला. बातम्या सावकाशच यायला हव्यात असं नाही, या आशयाच्या मथळ्याचा त्यांचा निबंध १९८७चा. पाठवताना जी काटकसर आधीच झाली होती, तीच त्यांनी घेण्याच्या बाजूला आणली.

प्रश्न : बॅचमधला एखादाच लेख वाटेत बिघडला तर पुढचे सगळे वाया जातात का?

उत्तर : न दाबलेली बॅच असेल तर सगळे जात नाहीत. समजा वाटेतल्या एखाद्या यंत्रानं प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अक्षर घातलं. लांबी १४६३ सांगितली होती, लेख प्रत्यक्षात दीड हजाराचा झाला. मोजून १४६३ बाइट्स घेतले की लेखाचं शेपूट उरतं आणि पुढं ‘#! आरन्यूज’ सापडायला हवं तिथं भलतंच काहीतरी दिसतं. अशा वेळी उलगडणारा प्रोग्रॅम पुढची तशी ओळ सापडेपर्यंत मजकूर ओलांडत जाऊ शकतो आणि तिथून गाडी रुळावर आणू शकतो. दाबलेल्या बॅचला मात्र ही मुभा नाही. मधला एक बाइट बदलला की त्यापुढचा कोशच चुकतो आणि उरलेली बॅच गेली. बॅच आटोपशीर ठेवायचं हेही एक कारण.

दोन शेजाऱ्यांकडून तेच गट घेतले तर हरवलेला लेख दुसऱ्या वाटेनं येई. प्रत्येक लेखाला जगात एकमेव असा क्रमांक असल्यामुळे आधीच आलेला लेख ओळखून टाकून देता येई. पण टाकून देण्याआधी त्याचं फोनबिल भरलेलं असे. त्यावर एक उपाय होता : आधी नुसत्या क्रमांकांची यादी पाठवायची, पलीकडच्यानं हवे तेवढे मागवायचे, मग लेख. यात मजकूर वाचतो, पण एका लेखासाठी तीन फोनांची वाट पाहावी लागते. माझ्या मते रात्री एकदाच फोन लागणाऱ्या ठिकाणी हा मार्ग बरा नव्हता.

प्रश्न : आपल्याकडे हे कधी होतं का?

उत्तर : होतं, आणि मुंबईतच. १९८६मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं अर्नेट हा प्रकल्प सुरू केला. आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि जुहूचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी त्यात होते. या जाळ्यावरची पहिली सेवा यूयूसीपीवरून चालणारी डाक हीच होती. जुहूचं केंद्र पुढे अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या यूयूनेटला जोडलं गेलं. हे यूयूनेट १९८७मध्ये रिक ॲडम्स यांनी सुरू केलं, ते यूयूसीपीची डाक आणि यूजनेटच्या बातम्या रास्त दरात पुरवण्यासाठी. त्याआधी बी न्यूजच्या नव्या आवृत्त्या सांभाळण्याचं काम याच ॲडम्स यांच्याकडे होतं.

मराठी माणसांचा स्वतःचा असा गटही यूजनेटवर होता, ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी’. परदेशातले मराठी लोक तिथं रोमन लिपीत मराठी लिहीत. तोवर मोठ्या विद्यापीठांत कायमच्या जोडण्या आल्या होत्या. लेख बॅचनं न जाता एनएनटीपी या पद्धतीनं एकेक करून, आधी क्रमांक विचारून, त्याच क्षणी जात. ही पद्धत ब्रायन कँटर आणि फिल लॅप्सली यांनी फेब्रुवारी १९८६मध्ये मांडली. फोन सतत चालूच असेल तर ‘हवा का?’ विचारायला काही खर्च नाही, एवढाच फरक. ज्यांच्याकडे रात्रीचा एक फोन होता त्यांच्या बॅच त्यानंतरही बरीच वर्षं चालल्या. १९९२मध्ये रिच साल्झ यांनी लिहिलेलं ‘आयएनएन’ मुख्यतः एनएनटीपीसाठी आहे, पण बॅच बनवणारा प्रोग्रॅम, यूयूसीपीवरून पाठवणारा प्रोग्रॅम आणि आरन्यूज हे तिन्ही त्याच्याबरोबर येतात.